टोरांटोपासून तीन धारा

॥ श्री ॥
हिवरे बाजार, २० नोव्हेंबर २०२४

चि. सुनीलला आईचे अ. आ.

केडगावला सगळ्यात आधी पोचला तो तुझा चुलतभाऊ अजिनाथ, अन् त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून मी. तुझ्या आक्काबाई आत्याचे मालक आबासाहेब गेले. पोरगा अमेरिकेतून यायचा म्हणून दोन दिवस बर्फाच्या पेटीत ठेवलं. मढं उठंना म्हणून शेजारच्याही चुली पेटंनात, बारकी पोरं बिस्किटावर. आक्काबाई तर दाराकडं बघून बघून दगड झाली.

तुझ्या तात्यांच्या छातीचं दुखणं असं, म्हणून त्यांना नेलं न्हाई. घरी येऊन सांगितलं तर म्हणाले, सुनीलला विचार, त्याच्या दारापासून आपल्या दारापतोर किती तास? फोनवर त्यांना ऐकू येत न्हाई, कागदावर लिही. अजिनाथ ह्या कागदाचा फोटो धाडतोय. ज्योतीला आशीर्वाद, ओमला पापा.

तुझी आई, मनकर्णा


टोरांटो, २४ नोव्हेंबर

ती. तात्या व आईस सा. न.

टोरांटो ते मुंबई साडेबारा हजार किलोमीटर. हवेत सतरा तास, मध्ये दिल्लीला चार, मुंबईहून गाडीनं सात. रांगा, सामान धरून दारापासून दारापर्यंत छत्तीस तास.

आई, लिहायला हात धजत नाही, पण काही झालंच तर मी येईपर्यंत थांबवा. अग्नी मीच देणार. रजा एप्रिल ते मार्च अशी वर्षातून एकदाच मिळते, यंदाची त्यासाठीच राखून ठेवली आहे. तात्यांना जपा.

आपला, सुनील


हिवरे बाजार, २८ नोव्हेंबर

चि. सुनीलला अ. आ.

छत्तीस तास म्हणजे गाईच्या तीन धारा, सकाळ, सांज, परत सकाळ, मी बोटावर मोजल्या. तुझं पत्र तात्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, वाट बघायचं काम जित्या माणसाचं, मेलेल्याला कशाला लावतो? त्याला म्हणावं खांद्याला येऊ नको, हुरड्याला ये. ज्वारी संक्रांतीला हुरड्यात येती. ती राखलेली रजा आत्ताच काढ, बाबा.

तुझी आई


हिवरे बाजार, १९ जानेवारी २०२५

चि. सुनील, ज्योती अन् माझ्या ओमला लई लई आशीर्वाद.

तुमी गेल्यावर मी धारा मोजत हुते. तिसरी काढून बादली खाली ठेवते तोवर पोचल्याचा फोन! घर कसं भरलं हुतं. ओमनं गरम कणीस तळहातावर चोळलं, हात पोळला तरी सोडलं न्हाई, अन् लसणाची चटणी खाऊन नाचला. मी आल्यागेल्याला अजून तेच सांगती.

हुरडा भाजायची आगटी तात्यांनी तुझ्याच हातानं पेटवायला लावली. तवा तुझ्या कानात काय बोलले, ते मला काल कळलं. म्हणाले हुते, हाच तुझा अग्नी, मला पावला. माझ्या वेळेला अजिनाथ उरकील, कुनासाठी थांबायचं न्हाई. म्हणून तू धूर धूर म्हणत डोळे पुशीत हुतास व्हय रं? मी येडी, तुला वाऱ्याच्या दुसऱ्या अंगाला बस म्हणत हुते.

परत यायचा दिवस तुमी सांगितला, तो त्यांनी आगटीतल्याच कोळशानं दाराशेजारच्या भिंतीवर लिहिलाय. मी म्हणलं, लई लांब हाय. तर म्हणाले, असलो तर ओट्यावर बसलेला असंन, नसलो तर पितरांना पाणी द्यायला पोरगा घरात असंल. दिवस चांगला निवडलाय त्यानं. मी भिंतीचा तेवढा तुकडा सोडून बाकी सारवती.

आमच्यावरची माया अशीच ओली राहू द्या. भिंतीवर लिहिलंय, अक्षय तृतीया, आपली आखिती, बुधवार, तीस एप्रिल.

तुझी आई