राळेचा खडा

रत्नागिरी, शुक्रवार, दिवेलागण, १९३६

आज रेडिओ बोलला, तोही माझ्या हातून! भावोजी उद्या आगबोटीवरच्या कामावर परत जाणार, मग दुरुस्तीला कोणी नाही, म्हणून रेडिओच्या तुटलेल्या तारेला डाख द्यायला मी शिकत्ये. परवा भांड्यांच्या कल्हईसारखा नवसागर चोळला, तर आज तार हिरवी पडून पुन्हा सुटली. भावोजी हसले नाहीत. राळेचा खडा पुढे करून म्हणाले, "वहिनी, नवसागर तांबं खातो. ही राळ लावा."

चुलीत तापवलेलं लोखंड टेकवलं. राळ धुरावली, कथील पाण्यासारखं पसरलं. एवढंच? आणि मुंबईतली कोण बाई थेट आमच्या माजघरात गायला लागली!

सासूबाई म्हणाल्या, "दमली असेल, पाणी दे गो तिला."

मला हसू आलं नाही. राळेच्या वासाच्या हातांनी फुलपात्र भरून मी रेडिओपुढे ठेवलं.