ऑर्विलच्या पुंगळ्या

लुइसटाउन, ३० सप्टेंबर १९७४

चि. हार्लन यास ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

ऑर्विल गेल्यापासून त्याच्या शेडचं दार उघडवत नव्हतं. काल उघडलं. तू मागितल्या होत्यास म्हणून त्याच्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या दोन्ही डब्यांतून काढल्या. मेल्या काय मळल्या होत्या! छोट्या डब्यातल्यांच्या तर बुडाला काळं लागलं होतं, ते रॉकेल लावून दातांच्या ब्रशनं घासलं. मग सगळ्या त्याच्या यंत्रात अक्रोडाच्या टरफलांच्या चुऱ्यात फिरवून एकाच पिशवीत पाठवल्यात. एल्क हरणांच्या शिकारीच्या हंगामाला पुन्हा दारू-गोळी भरून घे. आणि डोळ्याला जप. एक गवताच्या यंत्रानं नेला, दुसरा देव पुन्हा देत नाही.

पोचल्याचं कळव, नाहीतर कान पिळायला येईन.

अर्लीनताई

डिलन, ११ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न., वि. वि.

पुंगळ्या इतक्या चकचकीत, की तुझी भावजय रूथ म्हणाली, कानात घालू का? एरवी मी प्रत्येक पुंगळीत वाकडी तार घालून आतून चाचपतो. धातू झिजला असेल तिथे तार अडते. पण दाजींचा माल तपासणारा मी कोण! साच्यातून काढल्या, तोंडं कापून सारखी केली, भरून तयार. हंगाम उघडला की आम्ही दोघं डोंगरावर तंबूत. पहिलं काळीज तुझ्या तव्यात.

रागावतेस तशीच मायाही करत जा.

तुझा एकाक्ष, हार्लन

लुइसटाउन, २२ ऑक्टोबर

हार्लन, आशीर्वाद मागाहून. आधी बंदूक खाली ठेव.

ऑर्विलचा मित्र लॉइड आज शेडमधलं यंत्र न्यायला आला. काळ्या बुडाच्या पुंगळ्या कुठेत, म्हणाला. मी सांगितलं, घासून लख्ख केल्या. त्यानं हातातलं यंत्र खाली ठेवलं. अगं बाई, तो मळ नव्हता, शाई होती म्हणाला. पुन्हापुन्हा भरून आतून झिजलेल्यांवर ऑर्विल खूण करायचा, भंगारात द्यायला. अशी पुंगळी बुडापाशी तुटली तर जळता वायू थेट तोंडावर येतो.

त्यातल्या कुठल्या वाईट, हे आता कोण ओळखणार? खूण मीच पुसली. तुझ्या घरी फोन नुसता वाजतोय. लॉइड बर्फातून गाडी घेऊन निघालाय, हे त्याच्याच हाती देते. एकही उडवू नकोस रे बाबा.

अर्लीन

डिलन, २६ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न., वि. वि.

मी धड आहे. लॉइड आला तेव्हा मी कड्याखाली पालथा पडलो होतो, एल्कचा नर अगदी टप्प्यात होता, बोट चापावर. मागून हा बोंबलत आला. एल्क पळाला आणि मी लॉइडला शिव्या घातल्या, त्या तुला सांगण्यासारख्या नाहीत.

बंदुकीतलं काडतूस काढून, रिकामं करून त्यानं पुंगळी उभी कापली. आत बुडाच्या जरा वर गोल खाच, नख अडकेल एवढी. बाकीच्या सगळ्या आम्ही मोडून टाकल्या. एकटीनं दोष घेऊ नकोस. तार माझ्या खिशातच होती.

तुझं पत्र तिथेच वाचायला घेतलं. वाचायला एकच डोळा, आणि तोच सारखा भरून येत होता. शेवटी रूथनं वाचून दाखवलं.

माया आहे तशीच राहू दे, घासूनपुसून मात्र काही पाठवू नकोस.

तुझा एकाक्ष, हार्लन