तपकिरी गाडीला केलेला हात

मेसा, ॲरिझोना
१२ जानेवारी २०११

ती. नेटीवहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

दर हिवाळ्यासारखा यंदाही इकडे आलोय, थंडी नाही, सांधे बरे आहेत. पण सात तारखेच्या आपल्या युक्रेनी ख्रिसमसला तुमच्या हातची गव्हाची गोड कुत्या नव्हती, त्यामुळे ताट सुनं वाटलं. बटाटा भरून उकडलेली पेरोगी विकतचीच खाल्ली. तिचं नाव काढू नये.

माझ्या दोस्ताचा, स्टीव्हचा, गावाहून फोन आला होता. गावात कॉफीच्या टेबलावर सध्या एकच विषय आहे म्हणे. दादा गेल्यावर त्याची तपकिरी पिकअप तुम्ही डुकरांच्या फार्मवरच्या त्या फिलिपिनो आर्नेलला दिलीत, याबद्दल तक्रार नाही. पण वीस वर्षांची सवय पडलेली. गाडी दिसली की हात करायला स्टिअरिंगवरून बोट आपोआप वर होतं, आणि काचेमागे बघावं तर तो. स्टीव्ह म्हणे वर गेलेल्या बोटाने कान खाजवल्यासारखं करतो. सगळ्यांना फसल्यासारखं होतं. तेव्हा गाडीला दुसरा रंग देऊन घ्यायला आर्नेलला सांगावं, रंगाचं सगळं स्टीव्ह बघेल, असा निरोप आहे.

माझंही तेच म्हणणं आहे. इकडे निघण्याआधी ती गाडी समोरून आली, माझा हात दादासाठी वर गेला, आणि आतून हा अख्खा पंजा हलवून हसतोय. गाडी कडेला लावून बसलो होतो थोडा वेळ.

तब्येत जपा, आणि या दिरावर माया राहू द्या.
वॉल्टर


वेर्बा, सस्कॅचेवन, कॅनडा
२५ जानेवारी

चि. वॉल्टर भाऊजींना अनेक आशीर्वाद.

तुम्ही उन्हात बसून रंग सुचवताय. इथे उणे पस्तीस आहे, आणि माझं डोकं मात्र तापलेलं आहे.

आर्नेल परवा आला होता. सुरुवातीला सारं गाव हात करतं म्हणून त्याने बायकोला फोनवर कौतुकाने सांगितलं होतं. मग एकेक हात खाली गेला. माझं काय चुकलं, असं मला विचारत होता बिचारा. पूर्ण पंजा हलवणं इथे वाईट दिसतं का, म्हणाला, आणि हल्ली नुसतं एक बोट वर करतो. मी काय सांगणार त्याला? बायको-मुलीचे कागद झाले आहेत, मे महिन्यात यायच्या आहेत. पण जिथे आपल्याकडे बघून माणसं कान खाजवतात, तिथे त्यांना आणावं की नाही, असा त्याच्या मनात घोळ चालला आहे.

रंग बदलणार नाही. स्टीव्हला सांगा, कान खाजत असेल तर डॉक्टरला दाखव. येत्या रविवारी मी त्याच गाडीत, आर्नेलच्या शेजारी बसून चर्चला जाणार आहे, आणि तेही कॉफीच्या दुकानावरून, सावकाश.

राग आला तरी लोभ आटू देऊ नका.
तुमची वहिनी, नेटी


मेसा
६ फेब्रुवारी

ती. वहिनींस सा. न.

तुम्ही हट्टी आहात हे दादा म्हणायचा, ते खोटं नव्हतं. रविवारी लोकांनी तुम्हाला हात केला आणि तुम्ही मांडीवरचे हात हलवलेही नाहीत, हे कळलं. त्याला करणार नसाल तर मलाही नको, असं तुम्ही दुकानात ठणकावून सांगितलंत, तेही कळलं.

पण वहिनी, हात करणं म्हणजे ओळख. दादा मला हात करायचा तेव्हा त्याचा अर्थ असायचा की वॉल्टर, तू माझा आहेस. तो हात वाटेवरच्या कोणालाही कसा वाटून टाकायचा? माझ्याकडे त्याचं तेवढंच उरलं आहे.

रागावू नका.
वॉल्टर


वेर्बा
२० फेब्रुवारी

चि. वॉल्टर भाऊजी, आशीर्वाद.

तुमचं पत्र वाचून रडले, आणि मग राग आला तो आलाच. आता ऐका.

शेवटची चार वर्षं तुमच्या दादांना समोरच्या गाडीतला माणूस दिसत नव्हता. मोतीबिंदू वाढला होता, आणि शस्त्रक्रियेचं नाव काढलं की अंगावर यायचे. गाडी आहे की ट्रॅक्टर, एवढंच कळायचं. हात आधी करायचे आणि मग मला विचारायचे, कोण गेलं? मी सांगायची. कधी तुम्ही असायचात, कधी खताचा विक्रेता, कधी वाट चुकलेला कोणी परका. एकदा मी म्हटलं, अहो, ओळख ना पाळख, कशाला करता? तर म्हणाले, त्याला रस्त्यावर एकटं वाटू नये, बस.

भाऊजी, तुमच्यावर त्यांचा जीव होता. पण तो हात तुम्ही वॉल्टर आहात म्हणून नव्हता. तुम्ही समोरून येत होतात, म्हणून होता. आर्नेल आला असता तर त्यालाही तोच मिळाला असता. माझ्या नवऱ्याच्या नावावर त्या पोराचा हात कोणी नाकारलेला मी खपवून घेणार नाही. मग तो सख्खा दीर का असेना.

कडू बोलले, तरी आपलीच समजा.
नेटी


वेर्बा
१७ एप्रिल

ती. नेटीवहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

परवा परतलो. दोन मैलांवरून पत्र लिहितोय, हसू नका. तुमच्यासमोर बसून हे सांगणं मला जमायचं नाही.

काल धान्याच्या कोठारापाशी तपकिरी गाडी समोरून आली. ऊन माझ्या पाठीमागे होतं, चष्मा डोळ्यांवर होता, कोण चालवतंय ते स्वच्छ दिसत होतं. मी हात वर केला आणि गाडी पार निघून जाईपर्यंत खाली घेतला नाही.

स्टीव्ह शेजारी बसला होता. सवयीने गेला का, असं त्याने हळूच विचारलं. मी सांगितलं, माझा भाऊ गेला हे मला ठाऊक आहे. हात मी आर्नेलला केला.

तुमचा दीर,
वॉल्टर