भिंतीवरच्या दोन ओळी

४ मार्च, सोमवार
पकडले गेले! डायलिसिसच्या नोंदवहीत मागच्या पानावर मी दोन ओळी खरडल्या होत्या. पाच नंबरच्या खुर्चीतल्या पेंटरकाकांनी त्या चक्क मोठ्याने वाचल्या —
'चार तास भिंतीकडे पाहिलं,
शेवटी भिंतच कंटाळली.'
सगळा वॉर्ड हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका म्हणाले, "सिस्टर, लपवताय काय? मोठा कागद आणा." आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्यात त्यांनी.

८ मार्च, शुक्रवार
डावा हात मशीनला जोडलेला, मांडीवर फळी, उजव्या हातात ब्रश. वाटलं, भिंत काढतील. छे! काढली एक पाल — जबडा वासून जांभई देणारी! खाली माझ्या ओळी, टपोऱ्या अक्षरांत. माझंच लिहिलेलं मला पहिल्यांदा आवडलं.
मेट्रनबाई: "वॉर्ड आहे की चित्रांचं दुकान?" पण भिंतीवरून उतरवा म्हणाल्या नाहीत.

१३ मार्च, बुधवार
या लोकांना दिवसाला मोजकंच पाणी. काकांना ओठ ओले करताना बघितलं आणि सुचलं —
'घोट पुरवून पुरवून प्यायलो,
तेव्हा पाण्याला चव आली.'
चिठ्ठी त्यांच्या हातात दिली आणि पळाले.

१८ मार्च, सोमवार
पेला नाही, थेंबसुद्धा नाही! पेला उचलल्यावर टेबलावर राहतं ना, ते ओलं वर्तुळ — बस्स, तेवढंच. मी लिहिलं ते त्यांनी काढलंच नाही. माझं लिहायचं राहिलं होतं ते काढलं. दोन नंबरच्या निवृत्त शिक्षिका चष्मा पुसत म्हणाल्या, "हे माझ्याच घरचं टेबल आहे."
माणूस आहे की कोण!

२५ मार्च, सोमवार
काकू त्यांना न्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, "मध्ये तर यायलाच तयार नव्हते. पुरे झालं म्हणायचे. आता मलाच घाई करतात — चल, सिस्टरने नवीन काही लिहिलं असेल!"
मग अगदी सहज, "उजव्या हाताने बसले गिरवत, तेव्हा मला हसूच आलं. डावखुरे ना ते."
डावखुरे! शिरा चांगल्या म्हणून सुया डाव्या हाताला. कमावलेला हात मशीनला देऊन हा माणूस उजव्या हाताला शिकवत होता, आणि आम्हाला ब्र नाही!
विचारलं तर म्हणतात कसे, "साठ वर्षं नुसता बसून खात होता हा. लावला कामाला."

२९ मार्च, शुक्रवार
सहावं पोस्टर. खिळा मेट्रनबाईंनी स्वतः ठोकला!

३ एप्रिल, बुधवार
दहा वाजले तरी पाच नंबर रिकामा. काका कधी उशीर करत नाहीत. मी त्यांचा नंबर फिरवला. फोन काकूंनी उचलला, रडतच — "अगं, सकाळीच बोलावलं. किडनी मिळाली! आत नेलंय."
वॉर्डात ओरडूनच सांगितलं. टाळ्या वाजवायच्या, तर प्रत्येकाचा एक हात सुयांना बांधलेला. सगळे दुसऱ्या हाताने मांडीवर थापा मारत राहिले.