सातव्या महिन्याची ताटली

पवनी, ६ जुलै २०२५

ती. आईस, तृप्तीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलताना सासूबाई शेजारीच असतात, म्हणून लिहून राहिली. आई, मले शुगर निघाली. सातवा लागला नि ही पीडा! बोटं टोचून टोचून कंटाळली मी. डॉक्टर भावनाताईंनी माझं जन्माचं वजन विचारलं. म्हणाल्या, आईच्या पोटात खाणं कमी पडलं तर बाळाच्या जीन्सवर खुणा बसतात. जीन्स तेच राहतात, पण कोणते चालू नि कोणते बंद, ते बदलते. शरीर मिळेल ते साठवायला शिकते, मग पुढे पोटभर मिळालं की साखर आवरत नाही. एपिजेनेटिक्स म्हणतात याले. आई, तुले तेव्हा खायला कमी होतं का? आपल्या घरी तर धान भरून असायचं.

सासूबाई म्हणतात, आमच्या घरी असं कोणाले नव्हतं. ऐकून थकली. बाळ लाथा मात्र जोरात झाडते, बाबांवर गेलं वाटते.

माया आहे तशीच असू दे.
तुझी तृप्ती

आंधळगाव, १२ जुलै

चि. सौ. तृप्तीस, आईचे अनेक आशीर्वाद.

तुह्यं पत्र दोन दिवस उशीखाली होतं. धानाच्या रोवण्यानं कंबर धरली, पण खरं कारण ते नाही. लिहायचा धीरच होत नव्हता.

घरात तांदूळ होता पोरी. रिवाज होता तो. सातवा लागला की तुही आजी फळीवरून लहान पितळी ताटली काढे, त्यात मावेल तेवढंच जेवायचं. पोर लहान तर बाळंतपण सोपं, असं समद्या बाया म्हणत. शेजारच्या डोमाची बायको बाळंतपणात अडून मेली होती, त्याचं भेव. मी अर्ध्या पोटीच उठत होती. तू घंटाभरात झाली, पावणेदोन किलोची. केवढा तोरा मिरवला मी गावभर! आता वाटते, माह्याच हातानं झालं हे. नि सांगू? तू बाळंतपणाले येशीन म्हणून तीच ताटली मी मागच्या हप्त्यात चिंचेनं घासून ठेवली.

रागावली तरी पत्र टाक.
तुही आई

पवनी, २२ जुलै

ती. आईस, शि. सा. न.

स्वतःले बोल कायले लावते? भावनाताई म्हणाल्या, तेच एक कारण असंही नाही, नि योग्य खाणं, फिरणं यानं पुष्कळ सावरते. पण आज त्यांच्याकडून मीच बोलणी खाल्ली. भेवानं मी संध्याकाळचं जेवण सोडलं होतं. शुगर छान आली, सासूबाईंनी पहिल्यांदा कौतुक केलं. सोनोग्राफीत निघालं की तीन हप्त्यांत बाळ पाहिजे तेवढं वाढलंच नाही. खाल्लं तर ते, नाही खाल्लं तर हे. खूप थकली गं आई.

लोभ राहू दे.
तृप्ती

आंधळगाव, २६ जुलै

चि. सौ. तृप्तीस, पोटभर आशीर्वाद.

मी रिवाजानं अर्ध्यावर उठली, तू भेवानं. पोटातल्याले काय कळते, कशापायी उपाशी ठेवलं ते?

रोवणा तुह्या बाबावर टाकून सोमवारी पहिल्या गाडीनं येते. डॉक्टरीणबाईले स्वतः विचारते, काय नि किती, मग तेवढं तुले वाढते. तुह्या सासूशी मी बोलीन. ताटली कोंबड्यांच्या पाण्याले ठेवली.

हे पत्र तुहा भाऊ कैलाश मोटरसायकलनं आणून देईन. तृप्ती जेवल्याबिगर तिथून हालू नको, असं सांगितलं त्याले. त्याले इकडं रोवण्याले यायचं आहे. लवकर जेव.

तुही आई