दाराशी ठेवलेलं सूप

शहादा,
दसऱ्यानंतरचा मंगळवार, १९५७

आजारी पडलास तू तिकडे मँचेस्टरात, आणि समाचाराला माणसं बसलीत माझ्या ओट्यावर. तुझं पत्र रूपचंद मास्तरांनी मोठ्यानं वाचलं, तेव्हा वाटेवरचे चार जण थांबले, आणि दिवे लागायच्या आत सगळ्या गल्लीला कळलं की दगूबाईचा नातू फ्लूनं पडलाय आणि त्याला कुणी पाणी विचारत नाही. तेव्हापासून रोज कोणी ना कोणी येतं, उसासे टाकतं, चहा पितं. तुझी आई डोळ्याला पदर लावून बसते आणि चहा मी करते. असलं पत्र लिहायच्या आधी माणसानं घरच्या चुलीचा तरी विचार करावा.

प्रिय हिलाल, आता आशीर्वाद घे.

हे मी माझ्या हातानं लिहिते आहे. दुसरीतच माझी शाळा सुटली, तेव्हा अक्षराला हसू नकोस. मास्तरांकडून फक्त वरचा इंग्रजी पत्ता लिहून घेतला. आतलं त्यांना दाखवलं असतं तर ओट्यावर पुन्हा सभा भरली असती.

तुझं पत्र नंतर मी बोट ठेवून ठेवून स्वतः वाचलं. ताप उतरलाय, खोकला आहे, उभं राहायचं बळ नाही, एवढं कळलं. पण तुझं खरं दुखणं वेगळंच आहे. ती घरमालकीण हार्टलीबाई दार वाजवते, सुपाचा वाडगा उंबऱ्याबाहेर ठेवते, आणि तू दार उघडेस्तोवर जिना उतरून गेलेली असते. एकदाही आत डोकावली नाही, कपाळाला हात लावला नाही. माझा विटाळ होतो की काय हिला, असं लिहिलंस. आणि रागानं दोनदा वाडगा तसाच भरलेला परत ठेवलास. वा रे पाटील. तापानं अंग मोडलं, पण अकड काही मोडली नाही.

इकडेही तो फ्लू आखाडात येऊन गेला. शाळा बंद पडली, निंदणीला बाया मिळेनात. ज्या घरात माणूस पडलं तिथे आपली माणसं जत्रेसारखी गेली, खाटेवर बसली, त्याच पेल्यातलं पाणी प्यायली, आणि आपापल्या घरी येऊन आडवी झाली. तुझा बाप लोटन त्यातलाच. मी नको म्हणत होते, तर म्हणे न जाऊन कसं चालेल, लोक काय म्हणतील. मग आठवडाभर खोकत पडला. लोक काही म्हणायला आले नाहीत, तेही खोकत होते.

मला ही अक्कल मानमोडीच्या तापाच्या सालात, अठरा साली आली. तुझा बाप तेव्हा अंगावर पीत होता. अशीच साथ, पण माणसं गवतासारखी कापली गेली. आधी माझी मोठी जाऊ पार्वतीबाई पडली. तिची खोली सदा माणसांनी भरलेली. जो येई तो तिला हात लावून रडे. ती गेली, आणि रडायला आलेल्यांतल्या तिघी तिच्या मागोमाग गेल्या. मग तुझ्या आजोबांना ताप भरला. मी त्यांना मागच्या खोलीत एकटं ठेवलं. पेज उंबऱ्यात ठेवायची आणि मागे सरकायची. पुढच्या दाराला आतून कडी घातली. दीर शिव्या देऊन गेले, गल्लीनं मला कैदाशीण म्हटलं. मग माझ्या माहेराहून, प्रकाशा गावाहून, माझी आई चालत आली, जावयाला बघायला. दारावर थापा मारायला लागली. मी आतूनच म्हटलं, "माय, मी दार नही उघाडस. तू घर जाय." दुपार टळेपर्यंत ती निंबाखाली बसली, मग उठून गेली. पुढे मरेपर्यंत तिनं ह्या घरचं पाणी घेतलं नाही. पण मानमोडीनं ती मेली नाही. तुझे आजोबा वाचले, तुझा बाप वाचला. म्हणून तर आज तू तिकडे रुसून बसायला आहेस.

तेव्हा त्या हार्टलीबाईला मी ओळखते. तोंड पाहिलं नाही, तरी ओळखते. तिच्या घरात एखादं लेकरू असेल, म्हातारा असेल. तरी परक्या पोरासाठी जिना चढून येते. माझ्या ओट्यावर उसासे टाकणाऱ्यांतल्या एकीनंही अजून तुझ्या आईसाठी भाकर करून आणलेली नाही.

सूप कशाचं आहे ते विचारू नकोस, गरम आहे तोवर पी. पाणी उकळलेलं घे. छाती झाक, पण दिवसा खिडकी फटभर उघडी ठेव. आपल्याकडची पोरं खिचडीचा बेत करून बोलावतील, खोकला आहे तोवर जायचं नाही. पेपरात किती मेले ते वाचणं बंद कर, त्यांचं सुतक तुला नाही. पडल्या पडल्या तुझ्या सूतगिरणीच्या यंत्रांचं पुस्तक उघड, कळलं नाही तरी चालेल, डोकं ठिकाणावर राहतं. रडू आलं तर रड, मग तोंड धू.

आता हे आजच का लिहिते ते ऐक. काल लोटननं तुला परत ये म्हणून पत्र टाकलं, मला न विचारता. ओट्यावरच्यांनी भरीला घातलं, तुझ्या आईनं अन्न सोडलं, आणि त्याचा धीर सुटला. ते पत्र तुला ह्याच्या आधी मिळेल आणि तू बोटीचं तिकीट काढायला निघशील. निघायचं नाही. असल्या अंगानं बोटीत खोकणाऱ्यांच्या गर्दीत आठवडेच्या आठवडे काढलेस, तर घरी कोण पोचेल ते मी लिहीत नाही. लोटनला मी सकाळी ऐकवलं आहे. तुझ्या आईला समोर बसवून भाकर खाऊ घातली. इकडचं मी बघते. तू बरा हो, शीक, आणि ठरल्या वेळी ये. ह्या पत्राचं उत्तर तू द्यायचं नाहीस. तू 'सर्व क्षेम' लिहून मोकळा होशील. तू खातोस की नाही आणि खोकला किती राहिला, हे हार्टलीबाईनं इंग्रजीत लिहायचं. तिला सांग, बाईनं बाईला विचारलंय. उत्तर तिनंच द्यायचं.

तुझीच आजी,
दगूबाई