माग थांबला की कळतं

३ मार्च

चि. धाकटीस, ताईचे अनेक आशीर्वाद.

काल सुखरूप पोचले. कान मात्र अजून गडगडताहेत. खाली बारा यंत्रमाग आणि वर संसार, धन्य आहे बाई तुमची! घरातसुद्धा सगळं हातवाऱ्यांनी. सासूबाईंनी दोन बोटं दाखवली की चहा, चार दाखवली की जेवण. मी मुकी होऊनच परत आले.

आता रागावू नकोस, मन खातंय म्हणून लिहिते. रविवारी माग बंद असताना माझ्या हातून परात पडली. आपण सगळ्या केवढ्या दचकलो! ठकी पाठमोरी बसली होती, तिनं मानही वळवली नाही. नंतर मी मागून चार हाका मारल्या, तर तू म्हणालीस, खेळात दंग आहे. धाकटे, पोर अडीच वर्षांची झाली, अजून एक शब्द बोलत नाही. तिचे कान तपासून घे.

लोभ आहेच, तो या पत्रानं आटवू नकोस.

तुझी
ताई

९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून दिवसभर घास उतरला नाही. चार दिवस राहिलीस आणि माझ्या लेकीत खोट काढून गेलीस. सासूबाई म्हणतात, हेसुद्धा लहानपणी उशिराच बोलले. ठकी किती हुशार आहे ते पाहिलंस ना? नुसतं बोट दाखवलं की चप्पल आणून देते.

आणि तिला ऐकू येत नाही म्हणतेस? वीज जाऊन माग थांबले की घरात सगळ्यांच्या आधी हिलाच कळतं. हातातलं टाकून बापाला गाठायला जिन्याकडे पळते. इतके तिखट कान आहेत तिचे! उचलली जीभ लावली टाळ्याला, असं करू नये ताई.

रागाच्या भरात लिहिलंय, तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
धाकटी

१४ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

शिव्या पोचल्या, गोड मानून घेतल्या. पण ठकी जिन्याकडे पळते हे वाचून माझ्या काळजाचं पाणी झालं. अगं, तुमची जमीन दिवसभर थरथरत असते. माझ्याही तळपायांना झिणझिण्या येत होत्या. तिला ते पायांनी कळत असेल तर?

एक कर. तिला दोन-तीन गाद्या रचून त्यांवर बसव, पाय जमिनीला लागू देऊ नकोस, तोंड भिंतीकडे. मग माग थांबवायला सांग. ती उठून पळाली तर मी येऊन तुझे पाय धरीन. नाही पळाली तर एक दिवसही घालवू नकोस. तिला हातवारे कळतात म्हणूनच तुम्हाला कुणाला शंका आली नाही. दुसऱ्या कुठल्या घरात हे कधीच लक्षात आलं असतं.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली
ताई

१९ मार्च

ती. ताईस नमस्कार.

तीन गाद्या रचल्या. हे खाली गेले. एकेक करत बाराही माग थांबले. नळ ठिबकलेला ऐकू येईल इतकं शांत झालं. ठकी चिंध्या रचत बसली होती, तशीच बसून राहिली. मी हाक मारली, ओरडले, शेवटी किंचाळले गं. सासूबाईंनी जाऊन तिला पोटाशी धरलं.

ताई, अडीच वर्षं मी तिला गाणी म्हणून झोपवलं. परवा कानाच्या डॉक्टरांकडे जायचंय. झालं गेलं पोटात घाल आणि निघून ये, माझ्या एकटीच्यानं होणार नाही.

धाकटी

१२ जून

ती. ताईस शि. सा. न.

तू तपासण्यांना सोबत होतीस म्हणून निभावलं. वर्षभर आधी यायला हवं होतं, हे डॉक्टरांचं बोलणं अजून झोपू देत नाही. पण वेळ पुरती गेलेली नाही असंही तेच म्हणाले, त्यावर दिवस ढकलते आहे.

या महिन्याच्या एक तारखेला ठकीच्या कानांत यंत्रं बसवली. रोज उपटून फेकते आणि आम्ही रोज परत बसवतो. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, हात चालू देत, पण तोंडानंही बोला, सारखं बोला. आम्हाला मेलं येतंय कुठे! सासूबाई भिंतीशी बोलल्यासारख्या भाजीचे भाव सांगत बसतात. हे संध्याकाळी तासभर माग बंद ठेवतात. अकरा दिवस झाले, पोरीच्या चेहऱ्यावर काही म्हणून हलत नव्हतं. माझा धीर सुटत चालला होता.

काल हे तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि सवयीनं, माग चालू असल्यासारखे, तिच्या नावानं जोरात ओरडले. ठकीनं तोंड वाकडं केलं. उठली, आणि दोन्ही हातांनी बापाचं तोंड गच्च दाबून धरलं. तिला तो आवाज सोसवला नाही गं ताई! आम्ही सगळे रडायला लागलो तरी ती काही हात काढेना.

तुझ्या मायेत सदैव असलेली
धाकटी